बडोद्याचे ते जुने प्रदर्शन

सायंकाळी रोझरीच्या वेळी ज्या चित्रासमोर आपण गुडघे टेकतो, ते येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र बहुतेक घरी छापीलच असते. काच तडकलेली, रंग विटलेला. तरी आजोबांनी लावलेल्या खिळ्यावरून ते कोणी हलवीत नाही. शेजारच्या हिंदू घरी त्याच मानाच्या जागी लक्ष्मी किंवा सरस्वती असते. ही छापील चित्रे आपल्या देशात घरोघरी कशी पोचली, या कथेचा एक धागा बडोद्यास भरलेल्या एका प्रदर्शनाशी जाऊन मिळतो.

महाराज सयाजीराव गायकवाड यांचा लक्ष्मीविलास राजवाडा 1890 साली पूर्ण झाला. त्याच्यासाठी महाराजांनी त्रावणकोरचे चित्रकार राजा रविवर्मा यांजकडून पुराणांतील प्रसंगांवर 14 तैलचित्रे करवून घेतली. नळ-दमयंती, शंतनू व मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती असे त्यांचे विषय. या कामासाठी रविवर्मा आपल्या धाकट्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानात हिंडले, ठिकठिकाणची वस्त्रे व अलंकार त्यांनी निरखले. चित्रे पुरी झाल्यावर ती आधी त्रिवेंद्रमला आणि मग बडोद्यास लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. बडोद्यात माणसांची रीघ लागली. चित्रांच्या फोटोंनाही फार मोठी मागणी आली.

राजवाड्यातील चित्र राजवाड्यातच राहावे, असा तो काळ. पण लोकांची ओढ पाहिल्यावर रविवर्म्यांना स्वस्थ बसवेना, असे दिसते. 1894 साली त्यांनी मुंबईस गिरगावात छापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील छपाई दगडावरची. एकेका रंगासाठी निराळा दगड. तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून काढायचा, आणि जरा सरकला की देवीच्या ओठांचा रंग गालावर उमटायचा! जाणकार या छापांना नाके मुरडतात. मूळ चित्राची खोली त्यांत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. तथापि, ज्यांना जातीमुळे देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्याही झोपडीत या कागदांवरून देवी आली, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

रविवर्म्यांनी आपल्या कित्येक पौराणिक स्त्रियांना महाराष्ट्रीय पद्धतीची साडी नेसविली. पुढे गोव्यातील सांत इस्तेव्हचे अँजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी पवित्र मरियेलाही साडी नेसविली, तेव्हा आपल्यांतीलच अनेकांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्यास राहिले आणि तेथे चित्रे काढीत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह नंतर पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. असो, बडोद्याकडे परत वळू.

सयाजीरावांनी युरोपातील चित्रेही आपल्या प्रजेला दाखविण्याचे मनावर घेतले होते. संग्रहालयाला जोडून चित्रशाळेचे बांधकाम 1908 साली सुरू झाले. इमारत 1914 साली उभी राहिली, आणि नेमके त्याच वर्षी महायुद्ध पेटले. चित्रे येण्यास विलंब झाला, आणि चित्रशाळेचे दरवाजे उघडले ते 1921 साली.

रविवर्म्यांची मूळ चित्रे पाहावयाची, तर राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जावे. ते 1961 साली स्थापन झाले. ज्या इमारतीत एके काळी राजघराण्यातील मुलांची शाळा भरे, तिच्यातच ते आहे. रविवर्म्यांच्या चित्रांना 1979 साली राष्ट्रीय कलानिधी ठरविण्यात आले. त्यामुळे ती विकून परदेशी नेता येत नाहीत.

आम्ही तेथे गेलो तेव्हा गावाकडची चार-पाच कुटुंबे बरोबर होती. छापात सपाट पिवळा दिसणारा साडीचा काठ मूळ चित्रात निरनिराळ्या उजेडाने भरलेला होता. कोठे तो तांबूस होता, कोठे जवळजवळ पांढरा. पुढे सरून पाहिले की ते केवळ रंगाचे फटकारे. दोन पावले मागे आले की पुन्हा जर. आमच्यातील एक लहान मुलगी तसे मागे-पुढे करीत राहिली. शेवटी तिने रखवालदाराला विचारले, “काका, ही जर खरीच लावली आहे का हो?” त्याने हसून मान हलविली, आणि ती पुन्हा दोन पावले मागे गेली.