सुटीतील संशोधन : विद्यार्थ्याची संधी आणि आपले कर्तव्य

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. या परिसरातील आयुर्वेदाचे विद्यार्थी अमरावती, अकोला, नागपूर अशा ठिकाणी शिकतात आणि उन्हाळी सुटीत घरी परततात. त्यांपैकी काही हुशार विद्यार्थी गावातील वैद्यांकडे येऊन एक प्रश्न हमखास विचारतात : "सुटीत काही संशोधन करता येईल का?" बहुतेक वेळा त्यांना उत्तर मिळते, "त्यासाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे." हे उत्तर अर्धेच खरे आहे. प्रयोगशाळा व मान्यता देणारी संस्था शहरात असेल. परंतु संशोधनाला ज्याची प्रथम गरज असते तो प्रश्न, आणि त्याची सामग्री, आपल्या चिकित्सालयात व औषधालयात रोज उपलब्ध असते. या दोहोंची सांगड घालून देणे हे आपणा व्यावसायिकांचे काम आहे.

कोणती दारे उघडी आहेत?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, १९७९ साली अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती सुरू केली. एम.बी.बी.एस.च्या आणि पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा एक लहानसा प्रकल्प करावा, अहवाल सादर करावा आणि तो मान्य झाल्यावर प्रमाणपत्र व विद्यावेतन घ्यावे, अशी ही योजना. या योजनेतून पदवीपूर्व काळातच संशोधनाची सवय लागलेल्या डॉक्टरांच्या अनेक पिढ्या घडल्या. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र राष्ट्रीय पातळीवर अशी स्वतंत्र योजना दीर्घकाळ नव्हती.

ती उणीव २०२२ साली भरून निघाली. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजेच सी.सी.आर.ए.एस.ने, बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांकरिता 'स्पार्क' ही योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी तीत १०० शिष्यवृत्त्या होत्या. दोन महिन्यांसाठी दरमहा २५,००० याप्रमाणे एकूण ५०,००० रुपये असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयातील शिक्षकास मार्गदर्शक म्हणून सोबत घेऊन प्रस्ताव पाठवावयाचा असतो. पात्रता, संख्या व मुदत त्या त्या वर्षीच्या पत्रकावरून पडताळून घ्यावी.

याच परिषदेच्या संशोधन संस्था नागपूर, पुणे व मुंबई येथे आहेत. वनस्पतींची ओळख पटविण्याच्या कामात पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, जे १९५५ साली स्थापन झाले, आणि आघारकर संशोधन संस्था ही दोन नावे प्रत्येक औषधालयाने टिपून ठेवावीत. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान तर आपल्या अगदी हाताशी आहे. विद्यापीठांतर्फे भरणाऱ्या 'आविष्कार' या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवातही विद्यार्थ्यास आपले काम मांडता येते.

एक अडचण मात्र ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात 'संशोधनपद्धती व वैद्यकीय सांख्यिकी' हा विषय शेवटच्या व्यावसायिक वर्षात येतो. म्हणजे त्याआधी प्रस्ताव लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रस्ताव कसा लिहावा हे कोणी शिकविलेलेच नसते. शिवाय अर्जाची मुदत सुटीच्या तारखा पाहून ठरत नाही. मे महिन्यात घरी येऊन जो चौकशी करतो, त्याला बहुधा उशीर झालेला असतो. सुटीतील कामाची तयारी दिवाळीपासूनच सुरू व्हावयास हवी.

प्रश्न कोठून येतो?

विद्यार्थ्यांचे बहुसंख्य प्रस्ताव फसतात ते विषय अवाढव्य असल्याने. 'मधुमेहावर आयुर्वेदीय चिकित्सा' हा दोन महिन्यांचा विषय नव्हे; ते आयुष्यभराचे काम आहे. उलट आपल्या नित्याच्या व्यवहारातील एखादी साधी शंका घेतली, तर ती दोन महिन्यांत मापता येते.

उदाहरणार्थ, आपण चिठ्ठीवर चूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये लिहितो आणि तोंडाने सांगतो, "एक चमचा, दोन वेळा." त्या एका चमच्यात नेमके किती ग्रॅम चूर्ण मावते? खडीसाखर असलेले सितोपलादि आणि तंतुमय शतावरी यांचे वजन चमच्यागणिक सारखेच भरेल, असे मानण्यास आधार नाही. चमचाही घरोघरी निराळा. कोणी सपाट भरतो, कोणी शीग लावून. नित्य वापरातील दहा चूर्णे, तीन प्रकारचे चमचे आणि प्रत्येकी दहा वेळा वजन, अशी केवळ तीनशे मोजमापे एका चांगल्या सराफी काट्यावर विद्यार्थ्याने घेतली, तर एक उपयुक्त तक्ता तयार होईल. त्यात रुग्णाला कसलाही धोका नाही, खर्च नगण्य आहे आणि उत्तर मात्र आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सेशी निगडित आहे.

दुसरा विषय औषधालयाचा. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बाजारात रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या आसुपालवाची साल येते, हे आपण जाणतो. शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. नागकेशर व वावडिंग यांचीही तीच कथा. पाच ठिकाणांहून एकाच द्रव्याचे नमुने घेऊन विद्यार्थ्याने त्यांचे बाह्य स्वरूप, सूक्ष्मदर्शकाखालील रचना, परद्रव्याचे प्रमाण, राख, आम्लात न विरघळणारी राख, तसेच जलात व मद्यार्कात विरघळणारे अंश या बाबी आयुर्वेदीय औषधकोशातील मानकांशी ताडून पाहिल्या, तर दोन महिन्यांचे भरीव काम होते. नमुने आपण द्यावेत, परीक्षण महाविद्यालयाच्या द्रव्यगुण किंवा रसशास्त्र विभागात व्हावे.

गुडूचीचा धडा

द्रव्याची ओळख व नोंद यांचे मोल किती, हे एकाच वनस्पतीच्या दोन प्रकरणांवरून ध्यानी येते. आणि दोन्ही प्रकरणे मुंबईतील आहेत.

पहिले के.ई.एम. रुग्णालयातील. कै. डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कामलेच्या रुग्णांमध्ये, शस्त्रक्रियेपूर्वी पित्तनिर्हरण चालू असताना, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुडूची देऊन तिच्या उपयोगाचा अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि गुडूचीच्या आधुनिक अभ्यासातील एक महत्त्वाचा टप्पा ठरला. अशा रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती खालावते व जंतुसंसर्ग त्यांना घातक ठरतो, हे निरीक्षण आधी होते. त्यातून प्रश्न निघाला आणि मग द्रव्याची निवड झाली.

दुसरे प्रकरण करोनाच्या साथीतील. २०२० च्या उत्तरार्धात गुळवेलीचे सेवन केल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त मुंबईच्या चिकित्सकांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण झालेले नाही, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. प्रत्यक्ष नमुना समोर असता, तर ओळख पटविणे शक्य होते.

वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की रुग्णाने नेमके काय घेतले, याचा नमुना हाती नसल्याने दोन्ही पक्षांना ठामपणे बोलता आले नाही. आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना दिनांक, पुरवठादार व संकलनाचे ठिकाण लिहून ठेवला जात असेल, तर अशा वेळी तोच आपला साक्षीदार होतो. गावात ज्या वेलीवरून गुळवेल तोडली जाते, तिच्या पाना-फुलांसह वाळविलेला नमुना कागदावर लावून तज्ज्ञांकडून ओळखून घेणे, हे सुटीतील विद्यार्थ्याचे उत्तम पहिले काम आहे. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ पासून अस्तित्वात आला. त्याच्या नमुन्यानुसार नोंद कशी करावी हेही विद्यार्थ्याने याच निमित्ताने शिकावे.

मर्यादा पाळाव्यात

उत्साहाच्या भरात काही पथ्ये सुटता कामा नयेत. रुग्णांविषयी माहिती गोळा करावयाची असल्यास महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची संमती काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. मागाहून घेतलेली चालत नाही. आय.सी.एम.आर.ची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आधारभूत आहेत. आपली रुग्णनोंदवही विद्यार्थ्याच्या हाती जशीच्या तशी देऊ नये. नाव व पत्ता वगळून, रुग्णाच्या संमतीनेच माहिती द्यावी. औषध देऊन परिणाम पाहावयाचा असेल, तर ती चिकित्सकीय चाचणी ठरते. तिची नोंद राष्ट्रीय नोंदणीपटावर पहिला रुग्ण समाविष्ट होण्याआधी करावी लागते. पहिल्याच सुटीत विद्यार्थ्याने त्या वाटेस जाऊ नये, हेच श्रेयस्कर.

औषधालयाच्या मालकांना एक नम्र सूचना. विद्यार्थ्याला नमुने वा खर्च देताना निष्कर्ष आपल्या सोयीचा निघावा, ही अपेक्षा ठेवू नये आणि त्याचा अहवाल जाहिरातीत वापरू नये. आपलाच नमुना मानकात न बसल्याचे त्याने दाखविले, तर त्याचे आभार मानावेत. ग्राहकाने दाखविण्यापूर्वी ते आपल्याला कळले आहे.

आपण काय करावे?

१. चिकित्सालयात एक वही ठेवून वर्षभर मनात आलेल्या शंका तीत लिहाव्यात. दिवाळीत विद्यार्थी घरी आला, की त्यातील एक त्याच्यापुढे ठेवावी.

२. विद्यार्थ्याच्या महाविद्यालयातील शिक्षकांशी स्वतः बोलून मार्गदर्शक ठरवून द्यावा. मार्गदर्शकाविना प्रस्ताव पुढे जात नाही.

३. शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी काम थांबू देऊ नये. चमच्याच्या प्रयोगाला शिष्यवृत्ती लागत नाही.

४. मे महिन्यात 'नीट' देऊन प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींनाही सोबत घ्यावे. वैद्यक शिकण्यापूर्वीच शिवारातील वीस वनस्पती ओळखून, वाळवून, नोंदून ठेवल्या तर ती शिदोरी त्यांना साडेचार वर्षे पुरेल.

५. काम पूर्ण झाल्यावर, निष्कर्ष काहीही असो, तालुक्याच्या बैठकीत विद्यार्थ्यास ते मांडावयास लावावे व आपण प्रश्न विचारावेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा जो विस्तृत विचार आला आहे, त्याचे प्रात्यक्षिक याहून दुसरे कोणते?

अशा दहा विद्यार्थ्यांपैकी एखादाच पुढे संशोधक होईल. उरलेले नऊ आपल्यासारखेच गावोगाव चिकित्सालये व औषधालये चालवितील. परंतु ते मोजून मात्रा देतील, ओळखून द्रव्य घेतील आणि पाहिलेले लिहून ठेवतील. त्याचा लाभ त्यांच्या रुग्णांस होईल. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एक प्रश्न व एक विद्यार्थी निश्चित करावा, ही विनंती.