पासिंगपुरती गाडी

‘पासिंग’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण आता तो पक्का आपला झालाय. कॉलेजात पोरं पास होतात, आरटीओत गाड्या. ज्यांच्या घरी मालवाहू गाडी आहे, त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पासिंगच्या तारखेभोवती गोल केलेला असतो. आमच्या घरीही तसा गोल आहे. काकांची पिकअप बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाते आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन येते. घरची चूल त्या गाडीवर पेटते. म्हणून मंडळाच्या या अंकासाठी मी हाच विषय घेतलाय. पिकअपमध्ये लोक जे बदल करून घेतात, त्यांना कायदा काय म्हणतो, पासिंगला नेमकं काय बघतात, आणि मुख्य म्हणजे का बघतात?

आधी बदल कोणते ते सांगतो. मागच्या धुरीवर जादा पाटे टाकायचे, म्हणजे ओझ्याने गाडी बसत नाही. हौद्याच्या फळ्या हात-दीड हात उंच करायच्या. पुढे लोखंडी गार्ड, केबिनवर एलईडीची पट्टी, सुरात वाजणारा हॉर्न, रुंद टायर, फोडलेला सायलेन्सर. पासिंगच्या दोन दिवस आधी यातलं बरंचसं गॅरेजमध्ये उतरतं. गाडी धुऊन-पुसून आरटीओत जाते, कागद घेऊन येते, आणि त्याच आठवड्यात सगळं परत चढतं. मेस्त्रीला विचारलं तर म्हणतो, “काय होत नाही ओ, सगळेच करतात की.” दोन वर्षांतून एक दिवस गाडी कायद्याप्रमाणे असते. मला लिहायचंय ते उरलेल्या दिवसांबद्दल.

आरसी म्हणजे गाडीचा जन्मदाखला

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ५२ या सगळ्याचं मूळ. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा की, कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर तिचा जो तपशील लिहिला गेला, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ‘बदल’ म्हणजे काय, तेही कलमातच सांगितलंय. गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ स्वरूपच बदलतं. म्हणजे सीटकव्हर घातलं, डॅशबोर्डवर गणपती बसवला, आरशाला क्रूस किंवा जपमाळ लटकवली, तर कलम ५२ काही म्हणत नाही. (समोरचा रस्ता झाकला जाणार नाही, एवढं बघावं.) पण चासी लांबवली, हौद्याचा प्रकार बदलला, इंजिन दुसरं बसवलं, तर तो बदल झाला.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द नीट वाचा. तीन बदल असतील तर हिशेब तीनदा.

आपल्या सीमाभागात आणखी एक गैरसमज ऐकू येतो. कर्नाटकात चालतं, महाराष्ट्रात पकडतात, गोव्यात तर विचारूच नका, असं ड्रायव्हर लोक सांगतात. जागेवर भरायच्या तडजोडीची रक्कम राज्य सरकारं ठरवतात, त्यामुळे आकडा वेगळा असू शकतो. कायदा मात्र केंद्राचा आहे. केए-२२ असो, एमएच-०९ असो की गोव्याची पाटी असो, कलम ५२ तेच.

पासिंगला काय बघतात

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. आता काही जणांनी हौसेखातर घेतलेल्या मोठ्या खासगी पिकअप दिसतात, त्या या दुसऱ्या गटात.

एकूण भरलेलं वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावरून काही जण पासिंगही नको असं समजतात. ते चूक आहे. कलम ५६ म्हणतं की फिटनेस नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. याच कलमात अजून एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी नियमात बसत नाही असं दिसलं, तर दिलेलं सर्टिफिकेट कारण लिहून मध्येच रद्द करता येतं. म्हणजे पासिंग ही एका दिवसाची परीक्षा आहे, असं कायदा मानतच नाही.

तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, धूर, काचा, नंबर प्लेट, रिफ्लेक्टर बघतात. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के उजेड आत येऊ देणाऱ्या हव्यात. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचा गव्हर्नर लागतो. पूर्वी इन्स्पेक्टर साहेब स्वतः गाडी चालवून बघायचे. आता स्वयंचलित केंद्रं आली आहेत. तिथे चाकं रोलरवर चढतात आणि कुठल्या चाकाचा ब्रेक किती धरतो, ते यंत्र सांगतं.

पाट्यांची गोष्ट

सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात कमी दिसणारा बदल म्हणजे जादा पाटे. आरसीवर दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. समजा रिकामी १,७०० किलो आणि भरलेली ३,००० किलो. मग १,३०० किलो माल नेता येतो, आणि ड्रायव्हरचं वजनही त्यातच आलं. गार्ड आणि उंच फळ्या मिळून १५० किलो वाढले, तर मालाची जागा ११५० वर येते. म्हणजे माल जास्त बसावा म्हणून केलेला खर्च कायद्याच्या हिशेबात माल कमी करतो.

पण खरा धोका वेगळाच आहे. जादा पाटे टाकले की गाडी बसत नाही, म्हणून ती ओझं पेलते असं वाटतं. प्रत्यक्षात पाटे सोडून काहीच बदललेलं नसतं. ब्रेक तेच, धुरी तीच, बेअरिंग तेच, टायर तेच. गाडी मागे बसणं ही तिची ‘आता बस’ म्हणायची रीत होती, आणि आपण तिचं तोंड बंद केलं.

याहून बारीक गोष्ट मला मेस्त्रीनेच गाडीखाली वाकून दाखवली. काही पिकअपमध्ये चासी आणि मागची धुरी यांच्यामध्ये एक सळई असते, ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. मागचा भाग जितका खाली बसेल, तितका जास्त दाब तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जाऊ देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता पाटे वाढवून मागची बाजू उंच ठेवली, तर माल भरल्यावरही व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. नेमकं ओझं असताना मागचा ब्रेक कमी धरतो. हे रिकाम्या गाडीच्या पासिंगमध्ये कळेलच असं नाही. कळतं ते घाटाच्या उतारावर.

त्यात वेगाचं गणित वेगळं. ओझं दुप्पट झालं तर ब्रेकला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. उंच फळ्यांमुळे माल वर चढतो, गाडीचा तोल वर जातो, आणि वळणावर आडवी व्हायला ती तयारच असते.

जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल बाजूला, मागे किंवा वर बाहेर आला तरी २०,०००. हा दंड चालवणाऱ्याला आहे तसा चालवायला लावणाऱ्यालाही आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण ड्रायव्हर हौसेने ओझं भरत नाही. ‘एवढी पोती नेतोस का, नाहीतर दुसरी गाडी बघतो,’ असं सांगणारा व्यापारी तिथे उभा असतो. खेपेचं भाडं ठरलेलं, डिझेल वाढलेलं, हप्ता थांबत नाही. काका म्हणतात, “नाही म्हणायला पण ऐपत लागते बाबा.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण घाटात ब्रेक लागला नाही, तर व्यापारी गाडीत नसतो.

दिवे, हॉर्न, गार्ड

दिव्यांचा नियम मला सगळ्यात सुंदर वाटतो. पुढे लाल दिवा दाखवायचा नाही, आणि मागे लालशिवाय दुसरा दाखवायचा नाही (रिव्हर्सचा, इंडिकेटरचा आणि नंबर प्लेटवरचा दिवा सोडून). रिफ्लेक्टरचंही तसंच, पुढे पांढरे, मागे लाल. का? रात्री धुक्यात समोर गाडी दिसत नाही, फक्त रंग दिसतो. त्या रंगावरून ती येतेय की जातेय ते ठरवायचं असतं. रंगीत पट्ट्या लावणारा ही भाषाच बिघडवतो. केबिनवरच्या झगझगीत पट्टीमुळे समोरच्याचे डोळे दिपतात. परवानगीशिवाय पुढे सर्चलाइट लावायला नियमांत म्हणूनच बंदी आहे.

सुरांची माळ लावणारा किंवा कर्कश हॉर्नही चालत नाही. सायलेन्सर फोडून आवाज वाढवला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बंद होऊ शकतं. मित्रांनो, हे फक्त पिकअपसाठी नाही. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमधल्या काही बुलेटनाही हेच लागू आहे!

पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं. गार्डने गाडी वाचते असं वाटतं. पण बंपर आणि पुढचा पत्रा चेपला जातो तो धक्का पिऊन घेण्यासाठी. चासीला जोडलेला गार्ड तो धक्का सरळ आत पोचवतो, एअरबॅग असेल तर तिची वेळ चुकवू शकतो. आणि समोर माणूस असेल तर त्याला पत्र्याऐवजी लोखंड लागतं.

हौद्यातली माणसं

शेवटचा बदल मेस्त्रीकडे न जाता होतो. हौद्यात सतरंजी टाकली की मालगाडीची वऱ्हाडाची गाडी होते. कामाला जाणाऱ्या बायका, जत्रेची मंडळी, क्रिकेटची टीम, सगळे त्यातून जातात. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस धरलेला असतो. असंच बसून जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात सांगितलं. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. म्हणजे अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर. त्याच्याकडे काही नसेल, तर जखमींच्या घरच्यांना हातात निकालपत्र मिळतं, पैसा मिळत नाही. विम्याला न कळवता केलेल्या बदलांमुळे गाडीच्या स्वतःच्या दाव्यालाही फाटे फुटतात.

सरळ रस्ता आहे

सगळेच बदल बंद आहेत असं नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट अधिकृत ठिकाणी बसवून आरसीवर नोंदवता येतं, फक्त टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला कायद्यात वेगळी सोय आहे. उघड्या हौद्याची बंद पेटी करायची असेल तर आधी अर्ज, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नोंद, हा क्रम पाळायचा. मेस्त्रीकडे जाण्याआधी आरटीओत विचारलं तर बहुतेक भानगडी टळतात.

घरी किंवा ओळखीत पिकअप असेल, तर या सुट्टीत तिची आरसी मागून घ्या आणि गाडीशेजारी उभं राहून वाचा. रिकामं वजन, भरलेलं वजन, हौद्याचा प्रकार, इंधन, रंग. कागदावर जे लिहिलंय ते समोर उभं आहे का, बघा. मग वाकून पाटे मोजा, मागचे लाल दिवे ताडपत्रीखाली झाकले जातात का बघा, आणि पुढच्या पासिंगची तारीख विचारा. आपण साहित्य मंडळाची माणसं, शब्द आणि वस्तू यांचा मेळ बसतो का हे बघायची आपल्याला सवय असते. इथे तो मेळ बसला नाही, तर नुकसान वाचकाचं नाही, घाटात समोरून येणाऱ्याचं होतं.