ट्रकचा टायर घेताना फक्त साइज पाहता? बाजूवरचे ‘हे’ आकडेही वाचा

पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या उचगाव परिसरात मालवाहतुकीची वर्दळ कायम असते. शेजारी गांधीनगरची कापड बाजारपेठ, जवळच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. कास्टिंग, कापड, साखर भरलेले ट्रक इथून पुणे-मुंबईकडे, कर्नाटकात किंवा घाट उतरून कोकणात जातात. डिझेलबरोबरच टायर हाही ट्रकमालकाचा मोठा खर्च. तरीही दुकानात अनेकदा साइज आणि भाव एवढेच विचारले जाते. टायर किती वजन पेलतो, हा प्रश्न राहून जातो.

आकडे काय सांगतात?

समजा टायरवर ‘२९५/८० आर २२.५’ आणि पुढे ‘१५२/१४८’ असे लिहिले आहे. २९५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची टक्केवारीतील उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि २२.५ म्हणजे इंचांत रिम.

१५२/१४८ हा भार निर्देशांक. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १५२ म्हणजे ३,५५० किलो, तर १४८ म्हणजे ३,१५० किलो प्रतिटायर.

६०० किलोंचा फरक

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलची वजनमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. आता हिशेब पाहा.

‘१०.०० आर २०’ या साइजमध्ये १४६/१४३ निर्देशांकाचा टायर मिळतो. १४३ म्हणजे २,७२५ किलो. चार टायर मिळून १०,९०० किलो. जुन्या मर्यादेला हा टायर पुरेसा होता, नव्या मर्यादेला मात्र ६०० किलो कमी पडतो. त्याच साइजचा १४९/१४६ टायर घेतला, तर चार टायर १२,००० किलो पेलतात. साइज तीच, क्षमता वेगळी.

म्हणून आरसीवरील वजन आणि टायरचा निर्देशांक एकत्र पाहावा. ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

कोणत्या चाकाला कोणता टायर?

पुढच्या चाकांना सरळ खाचांचा टायर योग्य, कारण त्यावर स्टिअरिंगचा ताबा अवलंबून असतो. मागच्या, इंजिनची ताकद घेणाऱ्या चाकांना जाड ठोकळ्यांची नक्षी पकड देते. ऊस वाहतुकीत शेतरस्ते, खाणीत दगड असतात. तिथे खोल नक्षीचा आणि कापले जाण्याला दाद न देणारा टायर हवा. चांगल्या सांगाड्यावर केलेला रिमोल्ड मागे चालतो, पुढच्या चाकाला मात्र टाळावा. एकाच ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन टायर मिसळू नयेत.

हवा: रोजचे पाच मिनिटांचे काम

हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि तापते. उन्हाळ्यात, भरल्या गाडीत टायर फुटण्यामागे हे मोठे कारण असते. जोडचाकात एकाची हवा उतरली, तर त्याचा भार शेजारच्यावर जातो. रॉड मारून आवाजावरून अंदाज घेण्यापेक्षा गेज लावावा. हवा गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. धावून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर ती कमी भरते. जोडचाकात अडकलेला दगडही तेव्हाच काढावा.

झीज काय सांगते?

• मधला भाग झिजला: हवा जास्त
• दोन्ही कडा झिजल्या: हवा कमी किंवा वजन जास्त
• एकच कड झिजली: अलाइनमेंट बिघडले
• जागोजागी खड्डे: बॅलन्सिंग, सस्पेन्शन किंवा बेअरिंग तपासा

कारण दूर न करता नवा टायर टाकला, तर तोही तसाच झिजतो.

बदलायचा कधी?

नियमानुसार नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या गाड्यांनी तोवर थांबू नये. भिंतीवर फुगवटा किंवा आतली तार दिसली, तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर काढावा.

नवा टायर घेताना चार अंकी तारीखही पाहा. ‘१८२५’ म्हणजे २०२५ चा १८ वा आठवडा. स्टेपनीचीही तारीख तपासा. वर्षानुवर्षे टांगून राहिलेले रबर न वापरताही कडक होते.