न उचललेली पेन्शन
ब्रिटनमधलं निवृत्तिपर्व : भाग ७

पेन्शन क्रेडिट म्हणजे काय, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. निवृत्तीचं वय गाठलेल्या माणसाचं उत्पन्न तोकडं पडत असेल, तर सरकार ते एका किमान रकमेपर्यंत भरून देतं. २०२५-२६ साठी एकट्या माणसाला ही रक्कम आठवड्याला २२७.१० पौंड होती. आता पुढचा प्रश्न. खासगी पेन्शनला हातच लावला नाही, ती तशीच वाढू दिली, तर मदत पूर्ण मिळेल ना?

नाही मिळणार. आणि हे माहीत नसल्यानं गरजू माणसाचंच नुकसान होतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साताऱ्याकडची एक बाई २००५ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लेस्टरला आली. एका केअर होमचं स्वयंपाकघर सांभाळत तिनं २० वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरला आणि २०२५ मध्ये ६६ पूर्ण केली. त्या वर्षी पूर्ण सरकारी पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, पण त्यासाठी ३५ वर्षं भरावी लागतात. हिच्या वाट्याला त्यातले वीस भाग, म्हणजे आठवड्याला १३१.५७ पौंड. नवरा हयात नाही. मालकांना २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीच्या झालेल्या पेन्शन योजनेत तिच्या पगारातून थोडं थोडं कापलं जाऊन १०,००० पौंडांचा पॉट जमला आहे. मुलगा म्हणतो, “आई, त्याला हात लावू नकोस, वाढू दे.”

आई ६५ वर्षांची असती, तर मुलाचा सल्ला बरोबर होता. त्या वयात मिळणारी सरकारी मदत, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, मागताना न उचललेला पॉट हिशेबात धरतच नाहीत. निवृत्तीचं सरकारी वय (तिच्यासाठी ६६) पूर्ण झालं की नियम फिरतो. या पॉटमधून अ‍ॅन्युइटी घेतली असती (आपल्याकडच्या एलआयसीच्या जीवन अक्षयसारखी, एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराचा हप्ता), तर आठवड्याला किती आले असते, ते सरकारी तक्त्यावरून काढतात. तेवढं तिचं उत्पन्न आहे असं धरून चालतात. याला काल्पनिक उत्पन्न म्हणतात. ते १२ पौंड निघालं असं समजू. मग ९५.५३ पौंडांऐवजी तिला ८३.५३ मिळतील. म्हणजे जे बारा पौंड तिच्या हातात आलेच नाहीत, ते दर आठवड्याला कापले जातील.

नियमामागचा विचार मला पटतो. मोठा पॉट बाजूला ठेवून करदात्यांच्या पैशावर घर चालवणं योग्य नव्हे. पण छोट्या पॉटवाल्यांना हे कुणी वेळेवर सांगत नाही, याचा मला राग येतो. कारण याच बाईनं पॉट काढून बँकेत ठेवला, तर हिशेब बदलतो. काढलेली रक्कम बचत ठरते आणि पहिल्या १०,००० पौंडांच्या बचतीकडे पेन्शन क्रेडिट पाहत नाही. दुसरी बचत नसेल तर कपात शून्य.

कराचं मात्र बघायला हवं. पॉटचा पाव भाग करमुक्त असतो, उरलेला त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवतात. सगळा एकदम काढला तर सरकारी पेन्शन धरून बेरीज १४,३०० पौंडांच्या वर जाते, आणि करमुक्त मर्यादा १२,५७० आहे. अर्धा ५ एप्रिलच्या, म्हणजे करवर्ष संपण्याच्या, आत आणि अर्धा त्यानंतर काढला, तर कर लागत नाही.

बँकेत आधीच १०,००० पौंड असतील, तर मात्र हीच युक्ती अंगाशी येते. बचतीच्या या मर्यादेवरच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. म्हणजे पॉटचे १०,००० काढल्यावर २० पौंड कापले जातील, न काढता १२. ५०० पौंडांवर वर्षाला ५२ पौंड म्हणजे १०.४ टक्के व्याज झालं. कुठली बँक म्हाताऱ्या माणसाला इतकं व्याज देते? हा दर मला सरळसरळ अन्याय वाटतो. तेव्हा आधी पासबुक पाहावं, मग पॉटचं ठरवावं.

कंपनीची ठरावीक रकमेची पेन्शन लांबवली तरी हेच. अर्ज केला असता तर जी मिळाली असती, ती मिळतेय असं धरतात. सरकारी पेन्शनचंही तसंच. एरवी ती लांबवली की दर ९ आठवड्यांना १ टक्का वाढते, पण पेन्शन क्रेडिट घेत असलेल्या काळात ही वाढ साचत नाही.

काढलेले पैसे पुण्यातल्या मुलीच्या नावावर केले, म्हणजे सुटलो असंही नाही. मदत वाढावी म्हणून पैसे देऊन टाकले असं पेन्शन क्रेडिट देणाऱ्या सरकारी खात्याला दिसलं, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरतात. पॉट काढला की खात्याला कळवायचं, हेही विसरू नये.

अर्ज राहून गेला असेल तर मागचे ३ महिनेच भरून मिळतात, त्यामागचे नाहीत. आणि आठवड्याला दोन पौंड मिळणार असले तरी अर्ज करावा, कारण घरभाड्याची आणि कौन्सिल टॅक्सची मदत याच दाराने येते. त्या मदतीचा हिशेब पुढच्या आठवड्यात.