रंगवलेल्या शिपायांची जपणूक

कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून खेळातल्या शिपायांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमची उमेदीची वर्षे छापखान्यांतल्या जुळाऱ्यांत गेली, आणि जुळाऱ्याचा खिळा व जुना खेळातला शिपाई ही एकाच गोत्रातली भावंडे. दोन्ही मुख्यतः शिशाची. शिशाला कठीणपणा यावा म्हणून त्यांत अँटिमनी मिसळलेले.

टेबलावर सैन्य मांडून लढाई खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. एच. जी. वेल्स या समाजवादी लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून त्याचे नियम घरोघर पोचवले. त्या काळी लंडनच्या ब्रिटन घराण्याच्या कारखान्यातले शिपाई प्रसिद्ध होते. १८९३ मध्ये धाकट्या विल्यम ब्रिटनने पोकळ ओतकाम सुरू केले : साच्यात रस ओतायचा, कडेचा थर गोठला की मधला पातळ रस पुन्हा बाहेर ओतून घ्यायचा. शिसे वाचले आणि शिपाई स्वस्त झाला. हे शिशाचे उत्पादन १९६६ साली थांबले. आजचे शिपाई बहुधा प्लॅस्टिकचे, रेझिनचे किंवा शिसे नसलेल्या मिश्रधातूचे असतात. पण ते रंगवायला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात, आणि ते श्रम टिकावेत असे रंगवणाऱ्याला वाटणारच.

त्यासाठी वॉर्निश. खेळताना रंग पहिल्यांदा कुठे जातो ते पाहावे : भाल्याचे टोक, नाक, कोपर, टोपीची कड. जिथे बोट लागते तिथे. म्हणून शिपाई बैठकीला धरून उचलावा. ही सवय कोणत्याही वॉर्निशापेक्षा स्वस्त. रंग पुरता वाळल्यावर चकचकीत वॉर्निशाचे दोन पातळ हात द्यावेत आणि ते वाळले की वर चमक मारणारे निस्तेज वॉर्निश द्यावे. पहिले झीज सोसते, दुसरे शिपायाला काचेसारखा दिसू देत नाही. एकच जाड हात देऊन वेळ वाचवू पाहणाऱ्याच्या शिपायाचे डोळे-बटणे बुजतात. फवाऱ्याचे वॉर्निश वापरायचे तर डबा चांगला हलवावा आणि आषाढ-श्रावणातल्या दमट दिवशी ते काम काढूच नये. ओलाव्याने वॉर्निशावर पांढुरके धुके बसते.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळांची समजूत अशी, की वॉर्निश दिले म्हणजे झाले. प्लॅस्टिकच्या शिपायाबाबत ती बरीचशी चालेल. शिशाच्या शिपायाबाबत मुळीच नाही. त्याचा वैरी बहुधा त्याच्या पेटीतच असतो. ओकचे लाकूड, प्लायवुड, भुसा दाबून केलेल्या फळ्या, साधा पुठ्ठा यांतून शिरक्यातल्या आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते. ती शिशाला खाते. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड येऊन त्याची पांढरी भुकटी करतो, आणि मोकळे झालेले आम्ल पुन्हा नव्या शिशाला भिडते. त्यामुळे थोडक्या आम्लाने पुष्कळ नाश होतो. बाहेरून रंग असला तरी तळ उघडा असतो, आणि पोकळ शिपायाची तर आतली सारी बाजू उघडी. सुबक शिसवी-ओकची कपाटे दिसायला राजेशाही. त्यांतली ओकची आम्ही शिशासाठी कधीच सुचवणार नाही.

ही भुकटी म्हणजे रंगाऱ्याचा सफेदाच. जुन्या कारखान्यांत शिशाचे पत्रे शिरक्याच्या मडक्यांवर ठेवून, भोवती घोड्याची लीद रचून, महिनोन् महिने मुद्दाम हीच क्रिया घडवीत. ते काम करणाऱ्या बायका विषबाधेने आजारी पडत, मरत. इंग्लंडमध्ये १८९८ साली त्यांना त्यांतल्या सर्वांत घातक कामांवरून दूर केले गेले. आणि १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, काही अपवाद ठेवून, इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंदी घालणारा करार केला. मजुरांनी जिवानिशी शिकलेले हे रसायन हौशी माणसाने कपाटात फुकट चालू ठेवू नये.

तेव्हा शिसे असेल तर पत्र्याची, भाजून पक्का रंग दिलेली पेटी किंवा काच-धातूचे कपाट घ्यावे. बैठकीखाली लोहचुंबक चिकटवून शिपाई पत्र्यावर उभे केले, तर प्रवासातही ते एकमेकांवर आदळत नाहीत. खाचांचा स्पंज सोयीचा, पण जुना झाला की चिकट होऊन रंगावर बसतो. वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहावा. ऊन टाळावे. संग्रहातल्या जुन्या शिपायाला नवे वॉर्निश देऊ नये; मूळ रंगाचे मोल त्याने जाते.

पांढरी भुकटी दिसलीच, तर फुंकर मारू नये, कोरड्या ब्रशाने झाडू नये. तो शिपाई वेगळा काढावा, टेबल ओल्या फडक्याने पुसावे, फडके टाकून द्यावे, आणि साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला किंवा पोराला हात लावू नये.