पेट्रोल कमी की जास्त?

हिशेबात नऊ रुपयांचा फरक निघाला, की बँकेतला जुना माणूस पहिल्यांदा बेरीज करायला बसत नाही. 54 च्या जागी कुणी 45 लिहिले आहेत का, ते शोधतो. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, की फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो. चूक आपला पत्ता सांगत असते, आपण तो वाचायचा. ही विद्या मोटारीच्या कामी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

दिवाळीत खर्ड्याला गेलो, तर वाड्याच्या अंगणात दादाची 2001 सालची मारुती 800 बॉनेट वासून उभी. सहा वर्षे ती ताडपत्रीखाली होती. आयटीआय झालेल्या पुतण्याने ती चालू केली होती. टायर, बॅटरी, टाकीची सफाई, प्लग, शेवटी पेट्रोलचा पंप, असे बावीस हजार रुपये गेले. तरीही गाडी उभ्या जागी थरथरे, धूर काळा सोडी आणि जामखेडच्या पुढचा सौताड्याचा घाट चढताना दम टाकी.

"भंगारात घाल," दादा म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, "गॅरेज टाकायला दीड लाख मागतोय. तू बँकेत होतास. द्यावेत का?"

खरे सांगायचे तर अशा पोरांचे अर्ज मी नुसती कागदपत्रे पाहून परत पाठवले आहेत. त्यामुळे मी उत्तर दिले नाही, अंगणात स्टूल घेऊन बसलो.

एप्रिल 2000 पासून देशभर धुराचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडत गेला. त्याच्या जागी आलेल्या एमपीएफआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असतो. पेट्रोल किती सोडायचे, हे एक इलेक्ट्रॉनिक डबी ठरवते. तिला स्वतःचे डोळे नाहीत. सेन्सर सांगतील ते खरे मानायचे.

"पंप का बदललास?" मी विचारले.

"काका, चढाला ओढत नव्हती. वाटलं, पेट्रोल कमी पडतंय."

खर्ड्याच्या माणसाच्या मनात आधी रसदच यायची! 1795 च्या मार्चमध्ये निजाम इथल्याच किल्ल्यात कोंडला गेला, तो फौज नव्हती म्हणून नव्हे. गावात दुसरेही निदान तयार होते, पेट्रोलमधले इथेनॉल. उसाच्या जिल्ह्यात हे बोलणे चवीने होते. इथेनॉलने जुन्या गाड्यांचे पेट्रोल वाहणारे रबर खराब होऊ शकते, हे खरे; पण त्याने मिश्रणातले इंधन कमी पडते, जास्त होत नाही.

मी पुतण्याला प्लग काढायला लावले. आठवड्यापूर्वीचे नवे प्लग, पण तिन्ही काजळीने काळे.

"काजळी कधी धरते?"

तो थबकला. "पेट्रोल जास्त झालं की."

"मग पंप?"

पोराचा चेहरा उतरला. पण डोके चालू झाले. जुन्या गाडीत इंजिनाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. त्याने तारा जोडून पाहिले. बिघाड नाही! म्हणजे सेन्सर शाबूत होता. मग त्याच्यापर्यंत पोचणारी बातमीच खोटी असेल तर? इंजिनाच्या हवेच्या वाटेतून दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे एक बारीक रबरी नळी जाते. इंजिन चालू ठेवून त्याने सेन्सरकडचे टोक सोडवले आणि त्यावर बोट धरले. बोट ओढले जायला हवे होते. जेमतेम जाणवले.

नळी वाकवली, तेव्हा दुसऱ्या टोकाशी चीर दिसली. तिच्यातून बाहेरची हवा आत शिरे, सेन्सरला दाब जास्त दिसे, डबीला वाटे गाडीवर फार ओझे आहे, आणि ती पेट्रोल ओतत राही. सगळे आपापले काम चोख करत होते.

जामखेडहून त्याच मापाची नळी आणली. पुतण्याने प्लग पुसून बसवले. दुसऱ्या दिवशी दादाला पुढे बसवून आम्ही सौताड्याच्या घाटात गेलो. वर पोचेपर्यंत दादा आवाज ऐकत होता.

"नळीचे किती पडले?"

"चाळीस रुपये."

"आणि पंपाचे?"

"साडेतीन हजार," पुतण्या म्हणाला. "ती माझी चूक, दादा. तो चांगला आहे, पण लागत नव्हता."

दादा काही बोलला नाही. रात्री जेवण झाल्यावर त्याने वहिनींना विचारले, पासबुक कुठल्या कपाटात ठेवले आहे.