काकांचा काटा का अडला?

दोस्ता, एक कोडं घालू?

तुझ्या ओळखीत वजन कमी करणारं कुणीतरी असेलच. काका, मावशी, नाहीतर शेजारच्या आजी! आधी काटा भराभर खाली येतो. आणि मग? जेवण तेवढंच, चालणंही तेवढंच, पण काटा जागचा हलत नाही! काका चोरून लाडू खातात का? छे! मग काय होत असेल? ओळख बरं!

अकोल्यात राहतोस? मग उत्तर तुझ्या घरातच आहे! काटेपूर्णा नदीवरच्या महान धरणातून शहराला पाणी येतं. चार-पाच दिवस नळ आला नाही, की आई काय करते? भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालते. सडा नाही, फक्त शिंतोडे! पाणी कमी, मग खर्चही कमी!

शरीरही अगदी असंच वागतं! जेवण कमी झालं, की ते काटकसर सुरू करतं. आपली उगीचची चुळबुळसुद्धा नकळत कमी होते. शिवाय घरातली माणसं कमी झाली, की पाणी कमी लागतं ना? तसं हलक्या झालेल्या शरीराला अन्नही कमी लागतं. शेवटी जमा आणि खर्च सारखे होतात. काटा थांबतो!

आता खरी गंमत ऐक! १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वतःहून सहा महिने अर्धपोटी राहिले. आन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. आणि भर उन्हाळ्यात त्यांना चक्क थंडी वाजायची! शरीराने ऊब तयार करण्यातही काटकसर केली होती!

म्हणजे काका आणखी उपाशी राहिले, तर शरीर आणखी हात आखडणार! त्यापेक्षा स्नायू बळकट करावेत. आपण गाढ झोपलेलो असतानाही स्नायू चरबीपेक्षा जास्त ऊर्जा वापरतात!

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच बळ घडवतंय. वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. १९३६ मध्ये तिथलं पथक बर्लिन ऑलिंपिकला गेलं आणि आपले देशी व्यायाम जगाला दाखवून आलं!

तर काकांसाठी दंड-बैठका, वरण-उसळ, भरपूर झोप आणि थोडा धीर! तू मात्र भाकर कमी करायची नाही हं! तुझी हाडं अजून वाढताहेत.

आज संध्याकाळी काकांना मैदानावर ने. दहा बैठका त्यांच्या, दहा तुझ्या. मोजायचं काम तुझं!